चौकट कशाची, यापेक्षा किती वर्षांची

नवे घर बांधणारा किंवा पुनर्विकासाच्या करारावर सही करायला बसलेला माणूस हल्ली एक प्रश्न हमखास विचारतो : दारे-खिडक्यांसाठी पर्यावरणाला पूरक साहित्य कोणते? उत्तरे तयारच असतात. लाकूड नको, झाडे तुटतात. अ‍ॅल्युमिनियम घ्या, ते वितळवून पुन्हा वापरता येते. यूपीव्हीसी घ्या, ते उष्णता अडवते. बांबू घ्या, तो चार वर्षांत तयार होतो. या प्रत्येक उत्तरात तथ्य आहे, आणि तरीही ही सगळी उत्तरे मला उथळ वाटतात, कारण मुळात प्रश्नच अर्धवट आहे. प्रश्न पदार्थाबद्दल विचारला जातो. घरात मात्र पदार्थ राहत नाही, खिडकी राहते.

माझे म्हणणे असे. कोणताही पदार्थ स्वतःच्या गुणावर पर्यावरणपूरक ठरत नाही. खिडकी किती वर्षे टिकते, बिघडली तर जवळपासच्या कारागिराच्या हातून दुरुस्त होते का, आणि उभी असेपर्यंत ऊन बाहेर ठेवून वारा आत घेते का, या तीन गोष्टींवर ती पूरक की मारक हे ठरते. पदार्थाची निवड या तिन्हींच्या नंतर येते. आपण क्रम उलटा लावला आहे आणि त्याची किंमत वीजबिलात, भंगारात आणि डोंगरांच्या उत्खननात मोजतो आहोत.

१. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

सुरुवात गोव्यापासून करतो. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असत. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेले ते पातळ, अर्धपारदर्शक शिंपले ऊन गाळून मऊ उजेड आत सोडत. भट्टी नाही, कारखाना नाही, वीज नाही. आजच्या कोणत्याही कसोटीवर त्याला पूरक साहित्यच म्हणावे लागेल. पण हा शिंपला खाडीतल्या चिखलात राहणारा जिवंत प्राणी आहे. झुवारी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत त्याची वस्ती आहे आणि आज तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. उद्या साऱ्या पणजीने आणि मडगावने 'नैसर्गिक' म्हणून अशाच खिडक्या करायच्या ठरवल्या, तर ती वस्ती किती दिवस पुरेल?

पदार्थ निसर्गातून आला एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तो किती वेगाने परत तयार होतो आणि आपण तो किती वेगाने वापरून टाकतो, हे प्रमाण पाहावे लागते. ही कसोटी मी पुढे लाकडालाही लावणार आहे. लाकडाची बाजू घेणारे बरेच लोक ती लावत नाहीत.

२. अ‍ॅल्युमिनियमचे आगाऊ घेतलेले श्रेय

बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना आणि अ‍ॅल्युमिनापासून विजेच्या प्रवाहाने धातू, ही पद्धत १८८६ सालापासून मूलतः तीच आहे. एक किलो धातू सुटा करायला साधारण १४ युनिट वीज लागते. आपल्या देशात ही वीज मुख्यतः कोळशाची. त्याआधी डोंगरमाथ्यावरचे जांभे सपाट खोदलेले असतात (कोल्हापूरच्या राधानगरी भागात बॉक्साइटच्या खाणी आहेत, ते दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत) आणि शुद्धीकरणानंतर उरलेला क्षारयुक्त लाल चिखल तलावांत साठवावा लागतो.

यावर उत्तर येते की अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला मूळच्या पाच टक्केच ऊर्जा लागते. हे खरे आहे. भंगारवाला दारात येऊन त्याला चांगला भाव देतो, हेही खरे. पण हे श्रेय आज घ्यायचे की जुनी खिडकी वितळेल तेव्हा? आज बसवलेली खिडकी भट्टीत परत जाईल ती वीस-तीस वर्षांनी. आज देशात इमारती ज्या वेगाने उठत आहेत, त्या सगळ्यांना पुरेल इतके जुने भंगार उपलब्धच नाही, कारण तीस वर्षांपूर्वी इतक्या खिडक्या बसलेल्याच नव्हत्या. म्हणून विक्रेत्याला विचारायचे ते असे : या सेक्शनमध्ये, म्हणजे चौकटीच्या साचेबंद पट्टीत, आज भंगारापासूनचा धातू किती आहे? 'पुन्हा वापरता येते' आणि 'पुन्हा वापरलेले आहे' या दोन वाक्यांत सबंध खाणीचे अंतर आहे.

एक ढोबळ हिशेब मांडतो, तो पुढे उपयोगी पडेल. समजा एका मध्यम फ्लॅटच्या खिडक्या आणि बाल्कनीचे दार मिळून साठ किलो नवे अ‍ॅल्युमिनियम लागले. नुसता धातू सुटा करायला ८४० युनिट झाले. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची ही आठ महिन्यांची वीज. आकडा मोठा वाटतो. पण खिडक्या पन्नास वर्षे टिकल्या तर वर्षाला सतरा युनिट पडतात, आणि पंधरा वर्षांत काढून टाकल्या तर छप्पन्न. धातू तोच, किलो तितकेच, फरक फक्त वर्षांचा.

आणि त्या पंधरा वर्षांत का निघतात? बहुधा धातू झिजला म्हणून नाही. चाक झिजते, रबर कडक होते, कुलूप तुटते. कंपनीने तो सेक्शन बंद केलेला असतो, नव्या सेक्शनचे चाक जुन्या खाचेत बसत नाही, आणि कारागीर सांगतो की पूर्ण खिडकी बदला. दोनशे रुपयांच्या चाकासाठी दहा किलो धातू उतरवला जातो.

३. थंड देशांतून आलेला युक्तिवाद

यूपीव्हीसीची जाहिरात सांगते की ही चौकट उष्णता वाहू देत नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक नाही. अ‍ॅल्युमिनियम जितकी उष्णता वाहून नेते तिच्या हजाराव्या भागाइतकीच हे प्लास्टिक नेते, आणि लाकूडही साधारण तितकीच. पण हा गुण महत्त्वाचा ठरला तो युरोपच्या हिवाळ्यात. बाहेर उणे दहा, आत वीस, असा तीस अंशांचा फरक असतो तेव्हा चौकटीतून आणि काचेतून निसटणारी ऊब हा घरखर्चाचा मोठा भाग असतो.

मुंबई, रत्नागिरी किंवा पुण्यातल्या पंखा लावून राहणाऱ्या घरात आत-बाहेर चार-पाच अंशांचाच फरक असतो. साध्या एकेरी काचेतून एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे सहा वॅटच्या आतबाहेर उष्णता जाते. पाच अंशांना तीस वॅट. त्याच चौरस मीटरवर पश्चिमेचे थेट ऊन पडले तर साध्या काचेतून सहज चारशे वॅट आत येतात. म्हणजे आपण तीस वॅटांसाठी चौकटीचा पदार्थ निवडत बसतो आणि चारशे वॅटांकडे पाहतही नाही.

यूपीव्हीसी सरसकट टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही. महामार्गाला लागून घर असेल, धूळ आणि कर्कश आवाज रात्रंदिवस असेल, तर घट्ट मिटणारी खिडकी ही चैन राहत नाही, तिथे प्रकृतीचा प्रश्न असतो. तिथे ती जरूर वापरावी. मात्र दोन गोष्टी माहीत असाव्यात. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. ते उघड्यावर जाळले तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषे हवेत जातात, आणि आपल्याकडे कचरा उघड्यावर जळतो हे कोणी नाकारणार नाही. दुसरे शिसे. उन्हात प्लास्टिक टिकावे म्हणून त्यात स्थिरक घालतात आणि पूर्वी ते सर्रास शिशाचे असत. युरोपातल्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत ते सोडले. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले, पण ते पीव्हीसीच्या पाइपांसाठी आणि त्यांच्या जोडभागांसाठी. खिडकी घेताना शिसेमुक्त असल्याचे लेखी मागणे हे म्हणून ग्राहकाच्याच हातात आहे.

४. पश्चिमेची खिडकी

आता मघाचा हिशेब पुढे नेतो. पश्चिमेला दोन चौरस मीटरची काच आहे, बाहेर काहीही आडोसा नाही. उन्हाळी दुपारी तीन तास ऊन पडले, चौरस मीटरमागे चारशे वॅट धरले, तर दिवसाला २.४ युनिटांइतकी उष्णता खोलीत आली. ती बाहेर काढायला बऱ्यापैकी चांगल्या एसीला पाऊण ते एक युनिट वीज लागेल. वर्षात असे १२० दिवस धरले तर शंभराच्या आसपास युनिट झाले. आठ-नऊ वर्षांत ही एकटी खिडकी साऱ्या फ्लॅटच्या अ‍ॅल्युमिनियमइतकी वीज खाऊन बसते. पुढची चाळीस वर्षे ती खातच राहते.

चौकट कशाची, हा प्रश्न इथे गौण होतो. सागवानी चौकटीत बसवलेली उघडी पश्चिमेची काच ही छायेतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीपेक्षा पर्यावरणाला अधिक महाग पडते. हे वाक्य लाकडावर प्रेम करणाऱ्या मला लिहायला अवघड जाते, पण हिशेब तसा आहे.

सावली करायची कशी, हेही नेमके पाहिले पाहिजे. दीड-दोन फुटांचा छज्जा दक्षिणेच्या खिडकीला उत्तम, कारण तिथे ऊन वरून येते. पश्चिमेला चार-पाच वाजता सूर्य खाली उतरलेला असतो, त्याच्या तिरप्या किरणांना छज्जा अडवू शकत नाही. शिवाय आपल्या अक्षांशांवर मे ते जुलैत सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे उत्तरेची भिंतही सकाळ-संध्याकाळी तापते, हे आराखडा काढताना फार जण विसरतात. पश्चिमेला उपयोगी पडते ती खिडकीच्या बाहेरची उभी आडकाठी : आडव्या तिरप्या पट्ट्यांची लाकडी झडप, विटांची जाळी, बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, खोल व्हरांडा किंवा एखादे झाड. आतला पडदा कितीही जाड असो, ऊन काचेतून आत येऊन गेलेले असते. त्यामुळे तापतो तो पडदा आणि त्याच्यामागून खोली.

मुंबईच्या जुन्या चाळींना आणि गिरगावातल्या घरांना पट्ट्यांच्या झडपा होत्या. त्या मिटल्या तरी वारा येई, पाऊस येत नसे, बाहेरून दिसत नसे आणि ऊन बाहेरच थांबे. एका वस्तूने चार कामे होत. आज आपण तीच चार कामे काच, गडद फिल्म, पडदा आणि एसी अशा चार वस्तूंकडून करवून घेतो आणि चारही वस्तूंना पर्यावरणपूरक पर्याय शोधत फिरतो.

वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात हेच दाखवत राहिले. विटा सोडून रचलेल्या जाळीला चौकट लागत नाही, काच लागत नाही, बिजागरी लागत नाही. जिथे खिडकीची गरजच नाही तिथे न केलेली खिडकी ही सर्वांत पूरक खिडकी, असे त्यांच्या घरांकडे पाहून वाटते.

५. सरकत्या खिडकीने गिळलेला वारा

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. उष्ण-दमट हवामानात (म्हणजे मुंबई आणि कोकणात) घराच्या कार्पेट क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, सुमारे एक षष्ठांश इतकी उघडणारी जागा असावी, असे ती सांगते. 'उघडणारी' हा शब्द मोलाचा आहे. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी ही संहिता निम्मीच उघडी धरते, बिजागरीची झडप मात्र ९० टक्के.

सहाशे चौरस फुटांचे घर घेऊ. शंभर चौरस फूट वारा हवा. बिजागरीच्या झडपा असतील तर सुमारे १११ चौरस फूट खिडक्या पुरतात. सरकत्या घेतल्या तर दोनशे लागतात. म्हणजे वारा तेवढाच मिळवायला जवळपास दुप्पट काच, दुप्पट सेक्शन आणि दुप्पट ऊन. प्रत्यक्षात कोणी खिडक्या दुप्पट करत नाही. वारा निम्मा होतो आणि उरलेला एसी भरून काढतो. सरकती खिडकी आली ती जागा वाचते आणि ग्रिल लावायला सोपी पडते म्हणून. तिची ही किंमत कोणत्याही साहित्याच्या तक्त्यात दिसत नाही.

६. झाडाचे वय आणि दाराचे वय

आता लाकूड. शिंपल्याची कसोटी इथे लावायची : झाड वाढायला जितकी वर्षे लागली, तितकी तरी त्याचे दार टिकले पाहिजे. तितके टिकले तर एक दार जाईपर्यंत दुसरे झाड उभे राहते, आणि लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग असलेला कार्बन तेवढा काळ हवेबाहेर राहतो. साठ-ऐंशी वर्षांच्या सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी नैसर्गिक द्रव्ये भरपूर मुरलेली असतात, म्हणून वाड्यांची दारे शंभर वर्षे उभी राहिली. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले सागवान निवडले गेले ते याच कीर्तीमुळे. उलट वीस वर्षांत वाढवून आयात केलेल्या सागात पांढरा भाग जास्त, गाभा कमी. नाव तेच आणि आयुष्य निराळे. कोकणात फणस, ऐन, किंजळ या लाकडांनी पिढ्यान्‌पिढ्या घरे सांभाळली, आणि ती सागाहून कमी दर्जाची आहेत असे कोकणातला सुतार मानत नाही.

फ्लश दारालाही हीच कसोटी लावावी. त्यातले लाकूड बहुधा शेतातल्या पॉप्लर-निलगिरीचे, पाच-सात वर्षांत वाढणारे, म्हणजे जंगल तुटत नाही. हा त्याचा गुण मोकळेपणाने मान्य करायला हवा. अडचण आहे ती डिंकाची. त्यातले फॉर्माल्डिहाइड घरात हळूहळू सुटते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते २००४ सालीच माणसाला कर्करोगकारक ठरवले आहे. शिवाय बाथरूमच्या फ्लश दाराला खालून पाणी लागले की थर सुटतात आणि पूर्ण दार टाकावे लागते. पॅनेलच्या दाराची खालची पट्टी कुजली, तर सुतार तेवढीच कापून, कुसू काढून नवी बसवतो. हा फरक पदार्थाचा नाही, दोन्ही लाकडेच आहेत. फरक रचनेचा आहे.

बांबूबद्दल थोडक्यात. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने 'झाड' राहिला नाही, त्यामुळे तो तोडणे-नेणे सोपे झाले. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवला तर त्याला भुंगा सहज लागत नाही. चिक, जाळी, झडपेच्या पट्ट्या यांसाठी तो अप्रतिम आहे. बाहेरच्या मुख्य दाराची चौकट त्याची करण्याचा अट्टहास मला पटत नाही. आणि बाथरूमला सिमेंटची किंवा दगडाची चौकट हेच शहाणपणाचे. तिथे सागवान घालणे म्हणजे चांगल्या लाकडाचा अपमान.

७. काही आक्षेप

*लाकूड वापरणे म्हणजे जंगलतोड.* चोरट्या लाकडाबाबत हे खरेच आहे. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली ती उगाच नाही. म्हणून लाकूड घेताना वनखात्याचा वाहतूक परवाना आणि ओंडक्यावरचा हातोड्याचा शिक्का विचारला पाहिजे. पण बांधावरच्या सागाला, फणसाला मागणीच उरली नाही, तर शेतकरी ते झाड चाळीस वर्षे कशासाठी सांभाळील? महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ स्वतःच्या जमिनीतसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. रक्षणाची बाजू कायद्याने धरली आहे, लावण्याची बाजू ग्राहकाने धरायची आहे.

*वाळवी, पाऊस, फुगणारी दारे.* आषाढात दार फुगते ही तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ बहुतेकदा न वाळलेल्या लाकडात आणि छज्ज्याविना उघड्या पडलेल्या दारात असते. वाळलेले लाकूड, वर वळचण, दोन-तीन वर्षांनी बेलतेलाचा हात, एवढ्याने लाकूड टिकते. रंग लावायचा तर शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांच्या आत असलेला, जो घरगुती रंगांसाठी २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केला आहे. ज्यांना ही देखभाल जमणार नाही, त्यांनी खिडकी सावलीत घेऊन अ‍ॅल्युमिनियम वापरावे. माझ्या मते तो दुसरा चांगला पर्याय आहे, पण सेक्शन प्रचलित आणि जाड घ्यावा, आणि चाके-रबर दहा वर्षांनीही बाजारात मिळतील असा.

*हे सगळे पैसेवाल्यांचे.* या आक्षेपाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले. चांगले सागवान महाग आहे, यात वाद नाही. पण मघाची यादी पुन्हा पाहा : विटांची जाळी, बांबूची चिक, बिजागरीची झडप, पश्चिमेला लहान खिडकी. यातली एकही गोष्ट महाग नाही. महाग आहे ती मोठी काच आणि तिच्यामागे लागणारा एसी. आणि स्वस्त सागवानही आहे, ते आपण फेकतो.

८. उतरवलेली दारे

मुंबई-पुण्यात रोज जुन्या इमारती पाडल्या जात आहेत. त्यांच्यात साठ, ऐंशी, शंभर वर्षे मुरलेले सागवान आहे, त्यातले बरेचसे बर्मी. ते नव्याने वाढवायला एक आयुष्य पुरणार नाही. त्याच्यासाठी आज एकही झाड पडायचे नाही, एकही किलो धातू वितळवायचा नाही. पुण्याच्या भवानी पेठेत आणि मुंबईच्या ओशिवऱ्यात जुन्या लाकडाची जाण असलेले लोक अजून आहेत. खिळे उपटून, रंधा मारून ते लाकूड पुन्हा नव्यासारखे होते, उलट नव्यापेक्षा स्थिर राहते, कारण त्याचे आकसणे-फुगणे बरेच कमी झालेले असते.

आमची इमारत पाडायला निघाली तेव्हा विकासकाच्या माणसाने जुन्या चौकटींबद्दल एकच वाक्य सांगितले की त्या पाडकामाच्या ठेकेदाराच्या. करारात तसे लिहिलेले होते आणि आम्ही सगळ्यांनी त्यावर सह्या केलेल्या होत्या. नव्या घराच्या सुविधांच्या यादीत खिडकीच्या कंपनीचे नाव होते, काचेची जाडी मिलिमीटरमध्ये होती, कोटिंगचा रंगही होता. छज्जा किती खोल, पश्चिमेला आडोसा काय, खिडकी किती टक्के उघडणार, यातले काही नव्हते, आणि विचारायचे असते हे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही.

२०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी पाडकामातला माल वेगळा करायला सांगितले. पण वेगळे काढलेले लाकूड कोणाचे, हे ठरते संस्था आणि विकासक यांच्या करारात, सही होण्याआधी. तिथे तीन कलमे घालता येतात. जुनी दारे-चौकटी मोजून, क्रमांक टाकून सभासदांना परत मिळतील किंवा नव्या इमारतीत वापरल्या जातील. प्रत्येक खिडकीचे उघडणारे क्षेत्र नकाशावर लिहिले जाईल. पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीला बाहेरून सावली असेल. ज्या संस्थांच्या सह्या अजून व्हायच्या आहेत, त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हे तीन विषय घ्यावेत. खिडकी कशाची, हा विषय त्याच सभेत चौथा घेतला तरी चालेल.